बाबा, रक्कम भरली आहे

ती. आई-बाबा,
जय ख्रिस्त.

मंडळीच्या इमारत फंडाची रक्कम मी परवा खात्यात भरली. बाबा, विचारलं असतं तर तुम्ही भरू दिली नसती, म्हणून विचारलं नाही. आमची ओढाताण झालेली नाही, मुलांच्या फीला हात लावलेला नाही, यांनाही सगळं माहीत आहे. तुम्ही फंडातून घेतलेले पैसे आईच्या ऑपरेशनला लागले. त्या रात्री दुसरा कोणी खजिनदार असता तरी त्याने हेच केलं असतं. तुम्हाला कोणी चोर म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

पण रक्कम मी भरू शकते, ‘माझं चुकलं’ हे तुमच्या वतीने म्हणू शकत नाही.

मंडळीच्या पंचांचं पत्र तुम्ही फाडलंत हे आईकडून कळलं, तेव्हापासून मला बायबलमधला यिर्मयाचा 36वा अध्याय आठवतो आहे. तुम्हीच शिकवायचात तो. हातात ब्लेड आणि जुना ‘सकाळ’ घेऊन तुम्ही यहोयाकीम राजा व्हायचात, पट्ट्या कापून शेगडीत टाकायचात, आणि मी घाबरून आईच्या पदराआड. यिर्मयाने लिहवून घेतलेल्या देवाच्या शब्दाच्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की राजा ते कापून जाळायचा. ‘जाळू नका’ म्हणून तिघे जण विनवत होते, त्याने ऐकलं नाही. आणि त्याचाच बाप योशीया! मंदिरात सापडलेला ग्रंथ ऐकला तेव्हा त्याने स्वतःची वस्त्रं फाडली होती. बाबा, तुम्ही आम्हाला विचारायचात, ‘बापाने काय फाडलं, लेकाने काय फाडलं?’

पाप दोघांच्याही काळात होतंच. दावीद राजाचं तर त्याच्या आधीच्या शौल राजापेक्षा मोठं वाटावं असं. पण नाथान संदेष्ट्यासमोर दावीद एका वाक्यात मोकळा झाला. शौल आधी लोकांवर ढकलत राहिला, आणि ‘मी पाप केलं’ म्हणाला तेव्हाही लगेच वडीलजनांसमोर आपला मान राखायला सांगत होता. मला याचीच भीती वाटते. ‘इतकी वर्षं सेवा केली, हे कोण हिशेब मागणारे?’ हे वाक्य तुम्ही रोज म्हणता. रोज म्हटलं की ते खरं वाटायला लागतं, मन कठीण होत जातं, आणि एक दिवस देवाचा शब्दही पंचांच्या पत्रासारखाच वाटतो. तुम्ही उपासना सोडलीत, प्रभुभोजन सोडलंत. आता घरातली प्रार्थनाही आई एकटीच करते म्हणे.

रागावू नका. सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला चर्चला नेणारे माझे बाबा तुम्हीच आहात, आणि मला तेच हवे आहेत.

आई, गुडघ्याचा पट्टा झोपताना काढत जा. गीझर चालू ठेवून आंघोळीला बसू नकोस. बाबांची बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. डब्याचं पुढच्या महिन्याचंही दिलं आहे, मीठ कमी घालायला सांगितलं आहे.

पाळकसाहेबांना मी मुद्दाम फोन केलेला नाही. तो तुम्ही करा, बाबा, याच आठवड्यात. चारचौघांत बोलायला जड जात असेल तर आधी त्यांना घरी बोलवा, आई चहा करील. रविवारी साडेआठला रिक्षा येईल, भाडं दिलेलं आहे. दोघेही जा. स्वेटर घाला.

तुमची,
माई