कपाटातला कॅमेरा आणि ग्लासभर मूग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मोबाईलवर टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळानं काढलेले फोटो जोडून केलेली पळती फिल्म, कसा करायचा ते छापलंत, लेख आवडला, पण एक गोष्ट राहून गेली असं वाटलं म्हणून लिहितेय. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला डीएसएलआर आज कितीतरी घरांत नुसता पडून आहे, लग्नकार्यालासुद्धा कोणी काढत नाही, आणि तसाच बंद ठेवला तर दोन पावसाळ्यांत लेन्सला बुरशी धरते. टाइमलॅप्सला तोच कॅमेरा घ्या. मोबाईल तीन दिवस एका जागी ठेवून कोणाचं चालणार आहे सांगा, कॅमेरा मात्र खुशाल राहतो.

आणि पहिल्या प्रयोगाला कोकणकड्यावर जाऊन ढगच टिपले पाहिजेत असं काही नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर काय केलं, तर कुंडीत वाटाणे लावले, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून जास्त दिवस थोडं थोडं शूट करत मिनिटभराची फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. ती दाखवूनच पुढच्या चित्रपटाला पैसे उभे राहिले, म्हणजे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' यायच्या आधी आपल्याकडे वाटाण्याचा टाइमलॅप्स झाला होता! मी नाशिकची, विज्ञान शिकवते, आणि मला स्वतःला हे फार उशिरा कळलं याचं खरंच वाईट वाटतं.

मी वाटाण्याऐवजी मूग घेतले. काचेच्या ग्लासात टिश्यू पेपर गोल बसवला, रात्रभर भिजवलेले पाच-सहा मूग काच आणि कागदाच्या मध्ये सरकवले, त्यामुळे खाली जाणारं मूळसुद्धा दिसतं. मागे काळा कार्डपेपर लावला. खिडकी पूर्ण झाकायची, नाहीतर दिवस-रात्र होऊन चित्र उजळतं-काळवंडतं, आणि बाजूनं एक एलईडी दिवा सतत चालू ठेवायचा, समोरून नको, काचेवर चमक येते. कॅमेऱ्याचं सगळं मॅन्युअलवर, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं छिद्र मध्यम), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) एकच ठरवून टाकायचा, फोकस एकदा जुळवला की ऑटोफोकस बंद. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, मी पाव सेकंद ठेवला कारण आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटवर बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट असेल तर एक फोटो उजेडी आणि पुढचा अंधारा असं होतं.

दर दहा मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला १४४, तीन दिवसांत ४३२, सेकंदाला २५ फ्रेमनं लावले की सतरा सेकंदांची क्लिप होते. शटर झिजेल म्हणून काही जण घाबरतात, एवढ्यानं काही होत नाही. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इंटरव्हल टायमर (ठरावीक वेळानं आपोआप फोटो काढणारी सोय) मेन्यूतच असतो, जुन्या कॅननला वायरचा टायमर रिमोट लावावा लागतो. नंतर कॉम्प्युटरवर दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये सगळे फोटो एकदम टाकले की सलग क्लिप म्हणूनच येतात, फक्त फोटोंचे नंबर मध्येच ९९९९ वरून परत १ वर जाणार नाहीत हे सुरू करायच्या आधी बघून घ्या.

माझा पहिला प्रयोग बॅटरीनं घालवला. पहाटे उठून बघते तर कॅमेरा बंद, आणि बॅटरीचं झाकण खालच्या बाजूला, ट्रायपॉडच्या प्लेटखाली, ती काढल्याशिवाय बॅटरी निघेना, काढली आणि फ्रेम हलली. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच रात्री सासूबाईंनी सवयीनं दिवा बंद केला, चाळीस फोटो काळेकुट्ट. तिसऱ्या वेळी डमी बॅटरी घेतली, ती थेट प्लगला लागते, ती आणि दिवा दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावले, बटणावर चिकटपट्टी, ट्रायपॉडच्या पायांभोवती खडूनं खुणा. पाणी ड्रॉपरनं कडेकडेनं सोडायचं, ओतलं की मूग जागचे हलतात.

आणि मग जे दिसलं! साल तडकतं, पांढरं मूळ बाहेर येऊन चाचपडत खाली वळतं, देठ आधी वाकलेलाच वर येतो, मग हळूहळू मान ताठ करतो, आणि ताठ झाल्यावरही गप्प उभा राहत नाही, कोणाला तरी शोधत असल्यासारखा डुलत राहतो. सातवीच्या वर्गात दाखवलं तर पोरांनी पाच वेळा परत लावायला लावलं, एका मुलीनं विचारलं, "बाई, हा रात्रीपण झोपत नाही का?" वीस वर्षं फळ्यावर अंकुरणाची चित्रं काढली, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

३० एप्रिलला फाळक्यांची जयंती आहे. त्या दिवशी आपल्या पेपरात त्या वाटाण्याच्या फिल्मबद्दल चार ओळी जरूर छापा, आणि सोबत मुलांना हा प्रयोग सांगा, परीक्षा संपलेल्या असतात, आणि तीन-चार दिवसांसाठी घरातला एक कोपरा कोणीही देईल. फक्त ग्लासच्या वर फ्रेममध्ये भरपूर जागा सोडायला सांगा, आमचा मूग शेवटच्या दोन सेकंदांत फ्रेमच्या बाहेर गेला.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नाशिक रोड