वैमानिकांचं जॅकेट घेताना लेबल शेवटी बघा

संपादक महोदय,

पर्यटन हंगाम सुरू झाला की किनाऱ्याकडच्या बाजारांत ‘दुसऱ्या महायुद्धातलं ओरिजिनल’ म्हणून चामड्याची जॅकेटं टांगलेली दिसतात. त्यातली बहुतेक ना जुनी असतात, ना जुन्याची धड नक्कल. नक्कल घेण्यात कमीपणा काहीच नाही. ऐंशी वर्षांचं चामडं अंगात चढवताना मुंढ्यापाशी फाटतं, तेव्हा वापरायला चांगली नक्कलच बरी. पण ती कशाची नक्कल आहे हे घेणाऱ्याला कळायला हवं. विकणारा लेबल दाखवतो, घेणारा ते वाचून खूश होतो, आणि सगळ्या जॅकेटात नक्कल करायला सर्वांत सोपं असतं ते लेबलच.

अमेरिकी वैमानिकांचं ए-२ जॅकेट घ्या. तिथल्या लष्कराच्या हवाई शाखेने, म्हणजे आर्मी एअर कोअरने, ते १९३१ मध्ये स्वीकारलं आणि १९४३ मध्ये बंद केलं. लेबलाकडे जाण्याआधी खिसे बघा. पुढे झाकणाचे दोन पॅच (वरून शिवलेले) खिसे, बस. बाजूने हात घालायचे खिसे नाहीत, आत पाकिटाचा खिसा नाही. अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा आणलं ते बकरीच्या चामड्यात, आणि पुढे त्याला बाजूचे खिसेही दिले. म्हणजे बाजूचे खिसे आणि लेबलावर १९४२ चं सरकारी कंत्राट असं एकत्र दिसलं, तर दोहोंतलं एक खोटं आहे. मग जॅकेट उलटं करा. पाठ एकाच अखंड तुकड्याची हवी. मधोमध किंवा आडवी शिवण दिसली तर कारखान्याने चामडं वाचवलंय असं समजा. कॉलरची टोकं बसवायला खाली टिचबटणं, गळ्याशी हूक, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणीव रिब. चेन धातूची, आणि तिच्या लोलकावरचं नाव वाचा. टॅलन, क्राउन, कॉनमार ही त्या काळची अमेरिकी नावं. वायकेकेची चेन उत्तम असते, पण ती कंपनी जपानी. युद्धकाळातल्या अमेरिकी जॅकेटला तिचं काय काम?

चामडं मुख्यतः घोड्याचं, पण काही कंत्राटांत बकरीचंही वापरलं गेलं, त्यामुळे बकरी दिसली म्हणून नाक मुरडू नये. मेंढीचं मऊ, रुमालासारखं घडी होणारं चामडं मात्र चूकच. जाडी सुमारे १.२ मिमी असली की बाही कोपरापाशी सुरुवातीला अडते, आणि नंतर तिथेच कायमच्या वळ्या पडतात. ते हवंच असतं. चामड्याचा दाणा (पृष्ठभागाची नक्षी) सगळीकडे एकसारखा दिसला तर तो छापलेला आहे.

मुळात ‘ए-२’ असं एकच जॅकेट नाही. आराखडा एकच, क्रमांक ३०-१४१५, पण रफ वेअर, एरो लेदर, ड्युबो, पेरी, वर्बर अशा कंत्राटदारांनी आपापल्या बेताने कापड बेतावं तसं चामडं बेतलं. कोणाच्या कॉलरला खाली उभी पट्टी, कोणाच्या नाही. खिशाच्या झाकणाची टोकं कुठे गोल, कुठे अणकुचीदार. म्हणून आधी एक कंत्राट ठरवा, त्याच्या मूळ जॅकेटचे फोटो जवळ ठेवा आणि मग झाकणाशी झाकण ताडून बघा. विकणाऱ्याला नक्कल कोणत्या कंत्राटाची ते सांगता आलं नाही, तर ती फॅशनची वस्तू आहे, त्याच भावाने घ्या. सांगता आलं, तर तेच बिलावर लिहून मागा.

मापासाठी चेन लावून जॅकेट सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. छातीपेक्षा चार इंच जास्त भरलं की पुरे, आपल्याकडे आत शर्टाशिवाय काही घालायचं नसतं. जॅकेट पट्ट्यापाशीच संपतं, कारण ते कॉकपिटमध्ये बसण्यासाठी आहे. ते आखूड वाटतं म्हणून एक साइज वरचं घेतलं की खांदे उतरतात आणि त्याचं पोतं होतं.

अमेरिकी नौदलाच्या जी-१ जॅकेटची ओळख वेगळी: बकरीचं चामडं, केसाळ कॉलर, हात पुढे नेता यावा म्हणून पाठीला चुण्या. त्याच्या पूर्वजांपैकी एम-४२२ ला डाव्या खिशात पेन्सिलीची फट नव्हती, ती एम-४२२ए ला आली. इथे आणखी एक घोळ दिसतो. भारतीय नौदलाच्या दाबोळीतल्या ‘व्हाइट टायगर्स’ विमान तुकडीचा बिल्ला जी-१ वर शिवतात. तिची सी हॅरिअर विमानं २०१६ मध्ये निवृत्त झाली, त्या तुकडीबद्दलचं प्रेम समजतं, पण जॅकेट अमेरिकी नौदलाचं. हौस म्हणून घाला, इतिहास म्हणून नको. उलट ए-२ वर भारताशी खरंच नातं सांगणारा बिल्ला शोभतो: दुसऱ्या महायुद्धातल्या चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची ढाल, वर चिनी सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. असे चामड्याचे बिल्ले तेव्हा भारतातही बनत. मात्र तीच ढाल इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाच्या जॅकेटवर नको.

अमेरिकी हवाई दलाचं नायलॉनचं एमए-१ जॅकेट सांभाळायला सोपं. नारिंगी अस्तर १९६० च्या सुमाराचं, त्याआधीच्या नमुन्याच्या नकलेत ते नको.

आता पावसाचं. मिरग लागला की चवथीपर्यंत बंद कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी हमखास येते. प्लास्टिकच्या पिशवीत तर हमखासच. रुंद खांद्याचा हँगर, वरून सुती अभ्रा, कपाटात सिलिका जेल, आणि पंधरा दिवसांतून एकदा पंख्याखाली हवा. बुरशी आलीच तर नाकाला रुमाल बांधून बाहेर सावलीत मऊ ब्रशने झटका, उन्हात टाकू नका. खोबरेल तेल कधीही नाही. त्याने चामडं काळवंडतं आणि टाके सैल पडतात. खाऱ्या हवेने पितळी चेनवर हिरवट थर येतो, तो कोरड्या टूथब्रशने काढून वर मेणबत्ती फिरवा. केसाळ कॉलरला आणि रिबला कसर लागते, नायलॉनच्या जॅकेटची लोकरी रिबही त्यातून सुटत नाही. अशा वेळी जॅकेट हवाबंद पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी सोडू नका, नाहीतर चामड्यावर पाणी धरतं.

आपले,
जुन्या लष्करी पोशाखांचे काही संग्राहक, म्हापसा