हेदवीच्या वाटेवर भेटलेल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पालशेतहून हेदवीकडे जाताना चढावर आमच्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि आम्ही दोघी मैत्रिणी आपल्या गडग्यापाशी थांबलो. त्यानंतर आपण जे केलेत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. निघताना पैशांचा विषय काढताच आपण हात झटकून, "त्यापेक्षा परत गेल्यावर चार जणांना सांगा, हायवेने येऊ नका म्हणून," असे बजावलेत, तेव्हा आभारही चारचौघांत मानणेच योग्य.

"आधी सावलीत बसा गो, तापल्या इंजिनाला हात लावायचा नसतो," हे आपले पहिले वाक्य. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेल्या माणसाला घाई का नसते, ते त्या दिवशी कळले. काकूंनी दिलेले कोकम सरबत संपेपर्यंत आपण गाडीकडे पाहिलेही नाही. मग रेडिएटरच्या झाकणावर ओले गोणपाट टाकून ते हळूहळू सैल केलेत, क्लिपेजवळ चिरलेला वरचा रबरी पाइप चाकूने दोन बोटे कापलात, उरलेला भाग ओढून पुन्हा घट्ट बसवलात आणि विहिरीचे पाणी भरून, "रत्नागिरीपर्यंत जाईल, तिथे नवा पाइप आणि कूलंट घाला," असे सांगितलेत. पाइप खरोखरच रत्नागिरीपर्यंत टिकला.

मात्र गाडी दुरुस्त होण्यापेक्षाही मोठे ऋण वाटेचे आहे. धास्तावून आम्ही उलटे चिपळूण गाठून महामार्गाने रत्नागिरीला जाण्याचे ठरवले होते. आपण ते साफ मोडून काढलेत. तवसाळहून फेरीबोटीत गाडी चढवली की खाडी ओलांडेपर्यंत इंजिन बंद राहते आणि जयगडला उतरल्यावर मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे असा समुद्राकाठचा रस्ता मिळतो, हा आपला हिशेब होता. शिवाय त्या दुपारी हेदवीच्या किनाऱ्यावरची बामणघळ, म्हणजे खडकातली अरुंद घळ, भरतीच्या वेळी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायला आपण तयार नव्हतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात वैशाख वद्य तृतीया पाहून, "तीन पाऊणे सव्वादोन, तेव्हा पूर्ण भरती," असे आपण तोंडी सांगितलेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आम्हा पुणेकर मुलींना कोणी शिकवले नव्हते. दोनच्या सुमारास आम्ही उमामहेश्वराच्या देवळामागच्या खडकांवर पोहोचलो, तेव्हा त्या अरुंद घळीत शिरलेली लाट फुटून सरळ वर उसळत होती आणि तुषार आमच्या चष्म्यांपर्यंत येत होते.

जेवताना आपण खाड्यांविषयी जे बोललात, त्याने पुढचा सगळा प्रवासच बदलला. सह्याद्रीतून उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना किनारा तोडतात. पूर्वी माल गलबतांतून याच खाड्यांनी आत जाई आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढे, म्हणून जिथे खाडीचे तोंड तिथे किल्ला. बाणकोटची आणि दाभोळची खाडी आम्ही आधीच फेरीबोटीने ओलांडून आलो होतो, पण तेव्हा बाणकोटचा किल्ला किंवा अंजनवेलचा गोपाळगड हे आमच्या लेखी केवळ फोटो काढण्याचे ठिकाण होते. त्यानंतर मात्र जयगड, मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड, नाटे गावचा यशवंतगड, वाघोटण खाडीवरचा विजयदुर्ग, असे एकेक ठिकाण आले की मैत्रीण आधी खाडी शोधायची आणि मग किल्ला. विजयदुर्गाच्या तटावर तर तिने आपलेच शब्द वापरून एका अनोळखी कुटुंबाला व्याख्यान दिले. (श्रेय आपल्याला दिले, हे नमूद करते.)

देवगडला आंबे घेतले, मालवणला पोहोचलो. त्याचे वर्णन आपल्याला काय सांगावे! काकूंनी बांधून दिलेल्या फणसपोळीतली एकही घडी मात्र मालवणपर्यंत पोहोचली नाही, एवढे त्यांना अवश्य सांगावे.

आपल्या सांगण्याप्रमाणे चार जणांना वाट सांगून झाली आहे. त्यांतले दोघे दिवाळीनंतर निघत आहेत. त्यांना फेरीबोटीच्या वेळा विचारून घ्यायला आणि तिथी पाहायला सांगितले आहे. आपल्या घराची खूण मात्र, आपल्या दुपारच्या झोपेचा विचार करून, मुद्दामच सांगितलेली नाही.

काकूंना सादर नमस्कार.

आपल्या कृतज्ञ,
पुण्याच्या दोघी