बाबा, मेल परत का येते

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा, तुम्ही कॉम्प्युटरवर भलतेच वैतागला होतात. मर्यादा 25 एमबीची, फाईल 20 एमबीची, तरी मेल परत! चूक तुमची नाही. ईमेल मुळात मजकुरासाठी घडलेली. फोटो किंवा व्हिडिओ जोडला की तो आधी अक्षरांच्या रूपात बदलतो, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. म्हणजे 20 ची फाईल वाटेत 27 च्या आसपास फुगते. 18 च्या आत राहिलात तर निभावतं.

झिप करून, म्हणजे फाईल दाबून लहान करून बघितलंत म्हणालात. कागदपत्रांना ती युक्ती चालते, पण एमपीफोर व्हिडिओ आणि जेपीजी फोटो आधीच दाबलेले असतात. पिळलेलं फडकं पुन्हा पिळायचं, थेंबही निघत नाही. आणि व्हिडिओचे तुकडे करून शेकडो मेल तर मुळीच नको. एक हरवला की सगळं मुसळ केरात.

आपल्या जुन्या कॅसेटवरून केलेली फाईल 6 जीबीची आहे ना? मग ती पाठवूच नका. गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि मला फक्त लिंक द्या. 15 जीबी फुकट मिळतात, पण त्यातच तुमच्या मेल आणि फोटोही बसतात, तेव्हा आधी जागा किती उरलीय ते बघा. शेअर करताना 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडू नका, माझाच मेल पत्ता घाला. घरचा व्हिडिओ आहे, गावभर कशाला?

अपलोडला वेळ लागेल. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईल बाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटात आठ बिट, म्हणून वेगाला आठाने भागायचं. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस असेल तर सव्वा तास तरी धरा. तोवर लॅपटॉप झोपू देऊ नका. मी उतरवून घेतली की ड्राइव्हवरून काढून टाका, ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर जागा अडलेलीच राहते.

आई, तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो धुरकट आलेत. नेहमीसारखा फोटो पाठवला की ते तो लहान करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, जसाच्या तसा येईल. त्यात 2 जीबीपर्यंतची फाईल जाते.

इकडे येणाऱ्या कुणाबरोबर पेन ड्राइव्ह देणार असाल तर एक सांगून ठेवते: तो फॅट32 (फाईली साठवायची जुनी पद्धत) असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागेल, आणि त्यात असलेलं सगळं पुसलं जाईल. आधी उतरवून ठेवा.

बाबा, उद्या आधी एखादी छोटीच फाईल टाकून बघा. लिंक उघडली की मी लगेच फोन करते. आणि मोठी फाईल माझ्याकडे नीट चालेपर्यंत मूळ कॅसेट टाकून देऊ नका.

तुमची,
छोटी