जुन्या धुळ्याच्या घरोघरची दप्तरे वाचवण्यासाठी आवाहन

जुने धुळे व लगतच्या गल्ल्यांमधील सर्व रहिवासी, तसेच कामधंद्यानिमित्त नाशिक, पुणे, सुरत येथे स्थायिक झालेली येथील मूळची कुटुंबे यांस आमच्या वाचनालयाच्या वतीने सविनय नमस्कार.

पांझरेच्या दक्षिण काठावरील आपले गाव 1803 च्या भीषण दुष्काळात पार ओस पडले होते. विंचूरकर सरदारांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी पुढच्याच वर्षी ते पुन्हा वसवले आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी मिळाल्या. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यासाठी धुळ्याची निवड केली. नदी आणि पाट यांच्या बेचक्यात बसलेले, भोवती बागायत असलेले हे लहानसे गाव होते. 1819 साली येथे 401 घरे आणि 2,509 माणसे होती. ब्रिग्ज यांनी लांबून कारागीर आणवले, नव्या पेठेत येणाऱ्यांना घरासाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि बांधकामासाठी उचलही दिली. पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगायची धुळेकरांची सवय याच नव्या पेठेतली.

जुने धुळे मात्र आपल्या वाकड्यातिकड्या बोळांनिशी तसेच राहिले. 1880 च्या गॅझेटियरने येथील घरे अस्ताव्यस्त आणि बहुतेक अगदी साधी असल्याचा शेरा मारला आहे. शेरा खोटा नव्हे, पण तो रस्त्यावरून मारलेला आहे. सागवानी खांब, वर कडीपाट आणि त्यावर दर पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरून चोपलेले धाबे अशा या घरांच्या कोनाड्यांत आणि माळ्यांवर खरेदीखते, वाटणीपत्रे, दुकानांच्या चोपड्या, 1862 मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेच्या पावत्या असे कितीतरी कागद पडून आहेत. 1872 च्या पांझरेच्या पुराने घरादारांचे मोठे नुकसान केले, एवढेच सरकारी नोंद सांगते. कोणाची भिंत गेली आणि ती कोणाच्या कर्जातून पुन्हा उभी राहिली, हे कळलेच तर अशा चोपड्यांतूनच कळेल.

आज घरे पाडली जात आहेत आणि कागद रद्दीत जात आहेत. यात वारसांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण गळके धाबे आणि वाटण्या होऊन उरलेले दोन खण घेऊन राहणे किती कठीण असते, हे राहणाऱ्यालाच ठाऊक. अलीकडेच एका घराच्या पाडकामात लाल फडक्यातले बोचके आमच्या हाती आले. ओलीने मोडी कागद एकमेकांना असे चिकटले होते की, वरचा उचलताच खालच्याची अक्षरे त्याच्या पाठीला लागून आली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे मिळवली, 1926 साली याच शहरात देह ठेवला आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी पुढच्याच वर्षी येथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या धुळ्यात असे घडावे, हे बरे दिसत नाही.

म्हणून आमची पहिली विनंती पैशाची नाही. घर पाडण्याचे ठरताच, मजूर लावण्यापूर्वी, वाचनालयात निरोप द्यावा. कार्यकर्ते येऊन आपल्यासमक्ष कागदांची यादी करतील, यादीची सही केलेली प्रत देतील आणि स्कॅन झाल्यावर मूळ कागद आपणांस परत करतील. चालू मालकीवादातील कागद आम्ही स्वीकारणार नाही. जुन्या फोटोंमागे माणसांची नावे लिहून द्यावीत. घरातील आजी-आजोबांना ती आत्ताच विचारून घ्यावीत. पाट, पाटकरी, पूर, बाजार यांच्या आठवणी सांगणाऱ्यांनी त्या खुशाल अहिराणीतून सांगाव्यात, आम्ही त्या तशाच उतरवून घेऊ.

स्कॅनर, आम्लविरहित कागदाची वेष्टने, लोखंडी कपाट आणि मोडी वाचकांचे मानधन यांसाठी निधीही लागणार आहे. देणगी वाचनालयातच, छापील पावती घेऊन द्यावी. घरोघर फिरून रोख रक्कम मागण्यास आम्ही कोणालाही नेमलेले नाही. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी ती आम्हांला देणगीइतकीच मोलाची वाटेल. पावसाळ्यापूर्वी धाब्यांची डागडुजी सुरू होते व माळे रिकामे केले जातात, तेव्हा निदान त्या दिवसांत तरी बोचकी न उघडता आमच्याकडे पोहोचवावीत.