इंजेक्शनच्या आधीचं पण सांगत जा ना

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या दादाला गळ्याचा कॅन्सर निघाला. खर्रा (तंबाखू-सुपारीचा), दुसरं काय, नागपुरात कारण विचारायची गरजच पडत नाही. सोमवार ते शुक्रवार असे ३५ शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितले. मानेला शेक दिला की लाळेच्या ग्रंथी खराब होतात आणि तोंड कायमचं कोरडं पडू शकतं, म्हणून शेकच्या १५ ते ३० मिनिटं आधी अमिफॉस्टिन नावाचं इंजेक्शन रोज शिरेतून देतात. आताच्या मशीन त्या ग्रंथी बऱ्याच वाचवतात, त्यामुळे हे सगळ्यांना देत नाहीत, पण दादाला दिलं. भाचा मोबाईलवर वाचून सांगत होता की हे औषध मुळात अमेरिकेच्या लष्कराने सैनिकांना अणुबॉम्बच्या किरणांपासून वाचवायला शोधलं होतं, १९९९ मध्ये तिथे कोरड्या तोंडासाठी मंजूर झालं. असो.

माझी तक्रार औषधाबद्दल नाही आहे. शेकची माहिती आम्हाला दोनदा दिली, इंजेक्शनच्या आधी काय करायचं ते कोणीच नाही सांगितलं. त्याने प्रेशर एकदम खाली येतं. तिसऱ्या दिवशी वहिनीने नेहमीसारखी सकाळी प्रेशरची गोळी दिली, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, गळा दुखतो म्हणून दादा पाणीही नीट पीत नव्हता, आणि इंजेक्शन झाल्याबरोबर लघवीला जातो म्हणून उठला तो तिथेच खाली बसला, पांढराफटक. सिस्टरने पाय वर करून झोपवलं, सलाईन लावलं, अर्ध्या तासाने शुद्धीवर आल्यासारखा बोलला. मग विचारलं, प्रेशरची गोळी चालू आहे का? हे पहिल्या दिवशी विचारायचं होतं ना! डॉक्टरने ती गोळी शेक संपेपर्यंत बंद केली, आता इंजेक्शनच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजतात, झोपवूनच इंजेक्शन देतात. कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पण विचारा नक्की.

उलटीचं पण तसंच, तीही या इंजेक्शनने होते. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, ती इंजेक्शनच्या आधी पोटात गेलेली पाहिजे. त्या गोळीने पोट घट्ट होतं हेही कोणी बोलत नाही, दादाचं चार दिवस झालं नव्हतं, लाजून सांगे ना.

चौथ्या आठवड्यात पोटावर आणि हातावर पुरळ. आम्ही घामोळं समजून पावडर लावली. मानेवरची लाली शेकची असते पण शेक नसलेल्या जागी पुरळ, ताप किंवा तोंडात-डोळ्यांत फोड आले तर इंजेक्शन थांबवून दाखवावं लागतं, क्वचित ते जीवावर बेतू शकतं. दोन दिवस इंजेक्शन बंद ठेवून स्किनवाल्यांनी बघितलं, घामोळंच निघालं. पण ते ठरवणारे आम्ही कोण?

एवढंच एका कागदावर मराठीत छापून पेशंटच्या हातात द्या, अर्धं पानही लागणार नाही.

अकरा शेक राहिले आहेत. वहिनीने प्रेशरच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये टाकून ठेवल्यात, सवयीने परत देऊन बसेन म्हणते.

एक बहीण, नागपूर