खाल्ल्या मिठाला जागणारा डबा

सांगली
१२ जानेवारी

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. ‘बीपीची गोळी सुरू झाली, पण मी तर वरून मीठ घेतच नाही’ हे वाचून हसलो. हेच वाक्य मी लॅबमध्ये रोज ऐकतो, तेही हातात डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडून.

डबा म्हणजे पोटात किती मीठ जातं ते मोजायला आणलेला चोवीस तासांच्या लघवीचा कॅन. सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी साठवायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. सांगायला सोपं, पण एसटीतून आणताना लोकांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. एक मावशी साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून आणतात आणि टेबलावर ठेवताना भिंतीकडे बघतात. परवा एका शेतकरीकाकांनी शपथ घेतली, “थेंब सांडला नाही.” स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात लघवीत उतरणारं क्रिएटिनिन निघालं ४५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या गड्याचं निदान ९०० तरी हवं. म्हणजे निम्मी लघवी बांधावरच गेलेली! दिला परत नवा कॅन.

आमचा फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून क्षार मोजणारं यंत्र, जुनाट, पण गुणी. पातळ केलेला नमुना ज्योतीत फवारला की मिठातलं सोडियम पिवळं पेटतं. खारं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की ज्योत पिवळी होते ना, तसंच. पोटॅशियमची जांभळी छटा त्या पिवळ्यात हरवते, ती फिल्टर लावून पकडायची. कॅल्शियमसाठी कॅन वेगळा. त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड घालावं लागतं, नाहीतर कॅल्शियमचे क्षार तळाशी बसतात.

एवढा खटाटोप कशाला? जेवणाबद्दल विचारलं तर लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळचं फरसाण कुणी धरतच नाही. खोटं बोलत नाहीत रे, खरंच लक्षात राहत नाही. पण पोटात गेलेल्या सोडियमपैकी साधारण नव्वद टक्के लघवीतून बाहेर पडतं. १९८८ साली छापून आलेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या दहा हजारांवर माणसांची लघवी अशीच मोजली होती. आपल्याकडची दिल्ली आणि लडाख त्यात होती. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी आदिवासींच्या लघवीत सोडियम जवळजवळ नव्हतंच, आणि वय वाढलं तरी त्यांचा रक्तदाब चढत नव्हता.

मग मीही स्वतःचा कॅन भरला. १८०० मिली, लिटरला ९५ मिलिमोल (आमचं लॅबमधलं माप) सोडियम. म्हणजे दिवसाला १७१. मिठात मांडलं तर दहा ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना पाचाच्या आत राहा म्हणते. पोटॅशियम जेमतेम ४५. ते येतं भाज्या-फळांतून, आणि त्यांच्या नावानं शंखच. आकडा दाखवला तर बायको म्हणाली, “माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका, फरसाण कोण आणतं?” गप्प बसलो.

पोटॅशियमचं वाचून लगेच कमी सोडियमचं मीठ आणू नकोस; त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडं नीट नसतील किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगाशी येतं. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार.

रविवारी ये. दोन कॅन देतो, कारण एका दिवसावरून काही ठरत नाही. आणि हो, कॅन भरायच्या दिवशी साधूसारखा जेवू नकोस. रोजचंच खा. वहिनींना म्हणावं, लोणच्याची बरणी आहे तिथेच राहू दे.

तुझा,
वसंता